संशोधक विद्यार्थ्यांचा खर्च कोण उचलतो, हे दरवर्षी जाहीर व्हावे
महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरूंना व व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य आणि विज्ञान शाखेचे अधिष्ठाता,
महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे.

स. न. वि. वि.

विज्ञान शाखेत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च कोण उचलतो, किती वर्षे उचलतो, मंजूर झालेला पैसा त्यांच्या खात्यात पडायला किती महिने लागतात आणि नोंदणी केलेल्यांपैकी किती जण प्रबंध सादर न करताच निघून जातात, याची विभागवार आकडेवारी विद्यापीठाने दरवर्षी स्वतःहून प्रसिद्ध करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विभागांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानाचा हिशेबही त्याच तक्त्याला जोडून यावा. पत्र खुले ठेवले आहे, कारण या आकड्यांची गरज आपल्या कार्यालयाला जितकी आहे तितकीच वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या घरच्यांनाही आहे.

मी याच विज्ञान शाखेची माजी विद्यार्थिनी आहे आणि दांडिया बाजार भागातल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून चालवलेल्या एका लहान शिष्यवृत्ती निधीचे काम पाहते. एम.एस्सी.चे शेवटचे सत्र सुरू झाले की मुले-मुली, पुष्कळदा आईवडिलांना बरोबर घेऊन, आमच्याकडे येतात. मकरपुरा, नंदेसरी किंवा दहेज येथे एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरावी की पीएच.डी.साठी नाव नोंदवावे, हा त्यांचा प्रश्न असतो. नोकरीत पहिल्या महिन्याला हातात किती पडेल हे त्यांना ठाऊक असते. संशोधनाच्या वाटेवर पाच-सहा वर्षांत काय मिळेल, कधी मिळेल आणि कधी बंद होईल, हे सांगायला मात्र आमच्याजवळ ऐकीव गोष्टींपलीकडे काही नसते. ज्याच्या मावसभावाला फेलोशिप मिळाली तो जा म्हणतो आणि ज्याच्या शेजारणीने चौथ्या वर्षी काम सोडले तो थांब म्हणतो. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या निर्णयावर अवलंबून आहेत, तो अशा सांगोवांगीवर घेतला जावा हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

देशपातळीवरचे आकडे आपणास माहीत आहेतच. तरी वाचकांसाठी त्यांतले मोजके मांडते. २०१०-११ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरचा एकूण खर्च सुमारे ६०,१९७ कोटी रुपये होता, तो २०२०-२१ मध्ये सुमारे १,२७,३८१ कोटींवर गेला. दहा वर्षांत रक्कम दुपटीहून अधिक झाली, परंतु राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे प्रमाण २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्केच होते. त्याच सुमारास चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया साडेचार टक्क्यांच्याही वर होता. या १,२७,३८१ कोटींमध्ये केंद्र सरकारच्या संस्थांचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के आणि राज्य सरकारांचा ६.७ टक्के होता. उच्च शिक्षण क्षेत्राचा, म्हणजे सगळी विद्यापीठे आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या शैक्षणिक संस्था मिळून, वाटा होता ८.८ टक्के.

दुसऱ्या बाजूला विद्यार्थी वाढत आहेत. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात सुमारे १.१७ लाख विद्यार्थी पीएच.डी. करत होते, २०२१-२२ मध्ये ही संख्या २.१२ लाखांवर गेली. ही वाढ आनंदाची आहे. एवढ्या मुलांना संशोधन करावेसे वाटते, यात या देशाचे भाग्यच आहे.

आता हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहू. उच्च शिक्षणाच्या वाट्याचे ८.८ टक्के म्हणजे सुमारे ११,२०० कोटी रुपये. त्यांना २.१२ लाखांनी भागले तर प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यामागे वर्षाला सव्वापाच लाख रुपयांच्या आसपास रक्कम येते. वाचणाऱ्याला ती समाधानकारक वाटेल. पण या भागाकारात दोन वेगवेगळी वर्षे एकत्र आली आहेत. भाषा, इतिहास आणि वाणिज्य या विषयांचे विद्यार्थीही भाजकात आहेत. आणि भाज्यात प्राध्यापकांच्या वेतनाचा संशोधनाकडे धरलेला भाग आहे, तसेच मोठ्या राष्ट्रीय संस्थांची कोट्यवधींची उपकरणेही आहेत. एका आयआयटीतल्या उपकरणाची किंमत आणि राज्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या चहा-जेवणाचा खर्च यांची सरासरी काढून हाती येणारा आकडा कोणाच्याच परिस्थितीचे वर्णन करत नाही. देशातले सुमारे ८० टक्के विद्यार्थी राज्य विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात, हे लक्षात घेतले तर ही सरासरी किती फसवी आहे ते कळते. म्हणूनच मी दिल्लीकडे नव्हे, आपल्याकडे मागणी करत आहे. सरासरीच्या आतले वास्तव फक्त विद्यापीठाला आणि त्यातल्या विभागाला ठाऊक असते.

ते वास्तव किती असमान असू शकते, हे नियम वाचले तरी दिसते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (युजीसी) यांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा जेआरएफसह, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह, उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ज्येष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. ही फेलोशिप एकूण पाच वर्षे चालू शकते. गुजरात सरकारने २०१९-२० पासून सुरू केलेल्या शोध योजनेत सुरुवातीला दरमहा १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये इतर खर्चासाठी, असे दोन वर्षांचे साहाय्य ठेवले गेले. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून असे पाऊल उचलले याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते, कारण या योजनेमुळे संशोधनात टिकून राहिलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु युजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. म्हणजे दोन वर्षांचे साहाय्य संपल्यावर लवकरात लवकर प्रबंध पूर्ण करणाऱ्यालाही किमान एक वर्ष स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बळावर काढावे लागते.

तिसरा गट एखाद्या मंजूर प्रकल्पावर नेमलेल्या विद्यार्थ्यांचा. प्रकल्प साधारणपणे तीन वर्षांचा असतो. त्याची मुदत संपली की मानधन थांबते, प्रबंध मात्र अर्धवट असतो. चौथ्या गटाला कोणाचेच साहाय्य नसते. ही मुले सकाळी प्रयोगशाळेत असतात आणि संध्याकाळी शिकवणीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवतात. एकाच विभागात, एकाच मार्गदर्शकाकडे, एकाच टेबलावर काम करणाऱ्या चार विद्यार्थ्यांची स्थिती अशी चार प्रकारची असू शकते, आणि नोंदवहीत चौघांपुढे ‘पूर्णवेळ’ हा एकच शब्द लिहिलेला असतो.

विद्यापीठे आकडेवारी देतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, प्रत्येक संस्था पूर्णवेळ आणि अर्धवेळ पीएच.डी. विद्यार्थ्यांची संख्या, गेल्या तीन वर्षांत पदवी मिळालेल्यांची संख्या, बाहेरून मिळालेल्या संशोधन प्रकल्पांची संख्या आणि त्यांची एकूण रक्कम भरून देते आणि ती माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवते. संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालांतही फेलोशिपधारकांचे आणि अनुदानाचे रकाने असतात. परंतु हे नमुने संस्थांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी आखलेले आहेत आणि त्यांत संस्था हे एकक आहे. पदवी मिळालेल्याला नोंदणीपासून किती वर्षे लागली, सोडून गेलेला कोणत्या वर्षी गेला, त्या वेळी त्याला विद्यावेतन चालू होते का, हे प्रश्न मानांकनाच्या नमुन्यात नाहीत. आणि नेमके हेच प्रश्न आमच्याकडे आलेली मुलगी विचारते.

असे प्रश्न नियमितपणे विचारता येतात आणि त्यांची उत्तरे छापताही येतात, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन १९६६ पासून विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण करत आले आहे. त्यात विद्यार्थ्यांची संख्या विभागवार तर नोंदतातच, शिवाय त्यांना मुख्य आर्थिक आधार कोणाचा आहे, केंद्र सरकारचा, विद्यापीठाचा, अन्य कोणाचा की स्वतःचा, आणि तो कोणत्या रूपाने मिळतो, फेलोशिप, संशोधन साहाय्यक म्हणून वेतन की अध्यापन साहाय्यक म्हणून, हेही नोंदले जाते. डॉक्टरेट मिळवणाऱ्या प्रत्येकाकडून प्रश्नावली भरून घेण्याचे वेगळे सर्वेक्षण १९५७ पासून चालू आहे. त्यामुळे कोणत्या विषयात पदवी मिळायला किती वर्षे लागतात हे तेथे सर्वांना ठाऊक असते. तिसरे सर्वेक्षण विद्यापीठांच्या संशोधन खर्चाचे. २०२३ च्या आर्थिक वर्षात हा खर्च १०,८८० कोटी डॉलरच्या घरात होता. त्यातला निम्म्याहून अधिक केंद्र सरकारकडून आला आणि सुमारे पाव हिस्सा विद्यापीठांनी स्वतःच्या निधीतून घातला. विद्यार्थी, पदव्या आणि पैसा यांच्या या तीन नोंदवह्या शेजारी ठेवल्या की धोरण ठरवणाऱ्याला आणि प्रवेश घेणाऱ्यालाही पुढचे दिसते.

अमेरिकेइतका पैसा आपल्याकडे नाही, हे मला मान्य आहे. परंतु मी पैसा मागत नाही. असलेल्या पैशाची नोंद मागते आहे. आणि नोंद ठेवणे हा तर बडोद्याचा जुना स्वभाव आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत संस्थानाचे वार्षिक कारभार अहवाल छापले जात आणि खानेसुमारीचे बडोद्यापुरते स्वतंत्र खंड निघत. साक्षरता, शाळा, वाचनालये यांचे आकडे त्यांत तालुकावार सापडतात. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी संस्थानाने दिलेली शिष्यवृत्ती घ्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार, एवढा तपशील शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला सांगता येतो. पैसा कोणी दिला, किती दिला, किती काळ दिला आणि कोणत्या अटीवर दिला, हे सारे लिहून ठेवलेले होते म्हणून ते कळते. त्याच महाराजांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात आज नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलही, त्यांची नावे न घेता, तितकेच सांगता यावे.

शिष्यवृत्ती माणसाची दिशा कशी ठरवते, याचे उदाहरण तर आपल्याच विज्ञान शाखेत आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांचे वडील १९५५ मध्ये जीवरसायनशास्त्र विभाग उभारण्यासाठी बडोद्यास आले. पुढे वेंकटरामन यांना नॅशनल सायन्स टॅलेंट शिष्यवृत्ती मिळाली. ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच होती. त्यांनी येथे भौतिकशास्त्र घेतले, १९७१ मध्ये बी.एस्सी. केले आणि २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. त्यांच्या बुद्धीचे श्रेय शिष्यवृत्तीला देण्याचा माझा हेतू नाही. परंतु वैद्यकीय आणि अभियांत्रिकी यांपलीकडे न पाहणाऱ्या मध्यमवर्गीय घरात मूलभूत विज्ञानाचा पर्याय टिकून राहण्यासाठी खात्रीच्या विद्यावेतनाची मोठी मदत होते, हे आम्ही आमच्या छोट्या निधीच्या कामातही पाहतो.

अनुदानाच्या नोंदीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तेथे ‘मंजूर’ या एका शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाते. एखाद्या प्रकल्पाला तीन वर्षांसाठी ३० लाख मंजूर झाले, अशी बातमी येते. प्रत्यक्षात पैसा हप्त्याहप्त्याने येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, आणि खर्चाचे विवरणपत्र गेल्याशिवाय दुसरा निघत नाही. आणि प्रमाणपत्रावर सहीसाठी किंवा खरेदीच्या निविदेसाठी गेलेला वेळ प्रकल्पाच्या मुदतीतूनच वजा होतो. त्यात किमतीही बदलतात. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर केवळ ५ टक्के दराने वस्तू व सेवा कर भरण्याची असलेली सवलत जुलै २०२२ मध्ये काढली गेली आणि अशा बहुतेक उपकरणांवर १८ टक्के कर लागू झाला; आधी मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात हा फरक कोठून भरून काढायचा, हा प्रश्न त्या वर्षी मार्गदर्शकांपुढे होता. म्हणून तक्त्यात मंजूर, प्राप्त आणि खर्च झालेली रक्कम असे तीन वेगळे रकाने हवेत, आणि मंजुरीच्या तारखेपासून पहिला हप्ता वापरता येईपर्यंत गेलेले दिवस हा चौथा. उशीर दिल्लीत होतो, गांधीनगरात होतो की विद्यापीठाच्या लेखा विभागात, हे या चौथ्या रकान्यावरून कळेल, आणि उशीर येथला नसेल तर विद्यापीठावर विनाकारण येणारा दोषही दूर होईल.

संशोधनाला निधी देण्यासाठी २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींचे लक्ष्य ठेवले आहे. त्यातले ३६,००० कोटी सरकारी अर्थसंकल्पाबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून आणि देणग्यांमधून, यावेत अशी अपेक्षा आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सार्वजनिक विद्यापीठांतील विज्ञान संशोधनाला दिलेला पैसा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरता येतो. अलेंबिकसारखा १९०७ चा कारखाना, तेलशुद्धीकरण, खते आणि पेट्रोरसायने यांचे प्रकल्प ज्या शहराच्या अवतीभवती आहेत, त्या शहरातल्या विद्यापीठाला ही संधी इतर कित्येकांपेक्षा जवळची आहे. परंतु एखाद्या कंपनीच्या संचालकांपुढे जाताना ‘आमच्या रसायनशास्त्र विभागात इतके विद्यार्थी आहेत, त्यांपैकी इतक्यांना तिसऱ्या वर्षानंतर आधार नाही, वर्षाला इतक्या रुपयांत ही तूट भरून निघते’ असे सांगता आले पाहिजे. आमचा निधी देणगीदारांकडे जातो तेव्हा नेमका हाच प्रश्न पुढे येतो, आणि उत्तर नसल्याने पुष्कळदा तो पैसा एखाद्या सभागृहाच्या रंगकामाकडे वळतो.

मुलींच्या आकड्यांकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात विज्ञान शाखांतील ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे मुलांहून अधिक. पीएच.डी.च्या सर्व विषयांत मिळून २.१२ लाखांपैकी सुमारे ९९,००० स्त्रिया होत्या. तरीही देशात प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. पदव्युत्तर वर्गात निम्म्याहून अधिक असलेल्या मुली पुढे कोठे गळतात? लग्नानंतर, बाळंतपणात, फेलोशिपची मुदत संपल्यावर की नोकरीच्या मुलाखतीत? २०२२ च्या नियमावलीने स्त्रियांना पीएच.डी.साठी दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा दिली, ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र वाढीव मुदतीत विद्यावेतन मिळत नसेल तर ती मुदत कागदावर राहते. किती जणींनी ही सवलत घेतली आणि त्यांपैकी किती जणींनी प्रबंध पूर्ण केला, हा एक साधा आकडा येथे पुष्कळ काही सांगून जाईल.

आकडे जाहीर करताना काळजीही घ्यावी लागेल. एखाद्या विभागात पाचच संशोधक असतील तर लिंग, प्रवर्ग आणि फेलोशिप यांनुसार केलेल्या वर्गवारीत व्यक्ती ओळखू येते. तेव्हा फार लहान संख्या स्वतंत्रपणे न छापता शाखेच्या एकत्रित आकड्यात मिळवाव्यात. दुसरे असे की, या तक्त्यावरून विभागांची क्रमवारी लावली जाऊ नये. गणिताला कागद, ग्रंथालय आणि संगणक पुरतो, रसायनशास्त्राला द्रावके आणि वायूची नळकांडी लागतात. गणिताचे अनुदान कमी आहे म्हणून तेथील संशोधन कमी प्रतीचे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तक्ता न काढलेलाच बरा. एखाद्या विभागातून विद्यार्थी अधिक संख्येने बाहेर पडत असतील तर तेथील मार्गदर्शकांना धारेवर धरण्याआधी त्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन होते का, हे पाहिले जावे.

यासाठी कार्यालयावर मोठा नवा भार पडेल, असे मला वाटत नाही. नोंदणीची तारीख प्रवेशाच्या कागदांत असते. फेलोशिपधारकाची हजेरी विभागातून प्रमाणित होऊन जाते. अनुदानाचा हिशेब लेखापरीक्षणात येतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश), प्रबंध आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) यांच्या तारखा परीक्षा विभागाकडे असतात. हे चार ठिकाणचे कागद एका तक्त्यात आणायचे आहेत. विद्यापीठातच संख्याशास्त्र विभाग आहे, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना दरवर्षी हे काम प्रकल्प म्हणून दिले तर त्यांनाही खऱ्या आकडेवारीवर हात बसवता येईल. सोडून गेलेल्यांची कारणे मात्र कागदांत सापडणार नाहीत. त्यांना एक छोटी, निनावी प्रश्नावली पाठवावी लागेल. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले चौथे कलम सार्वजनिक संस्थांनी अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी, असेच सुचवते. एकेका विद्यार्थ्याने अर्ज करून एकेक आकडा मागावा आणि त्यापायी त्याचे मार्गदर्शकाशी किंवा कार्यालयाशी संबंध बिघडावेत, ही वेळ त्याच्यावर येऊ नये.

पहिल्या वर्षी विज्ञान शाखेतल्या दोन-तीन विभागांपुरता तक्ता निघाला आणि त्यातले काही रकाने रिकामे राहिले तरी चालेल. रिकामा रकाना रिकामा आहे एवढे लिहिले जावे. सहा वर्षांपूर्वी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली तर नियमाने ठरवलेला कमाल कालावधी पूर्ण होऊन कोण कोठे आहे ते दिसेल. येत्या पदवीदान समारंभापूर्वी हा तक्ता इंग्रजी आणि गुजराती भाषांत संकेतस्थळावर आला, तर त्याचे मराठी रूप तयार करून शहरातल्या मराठी घरांपर्यंत पोहोचवण्याचे काम आम्ही करू. आमच्या निधीने विज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यांना आजवर दिलेल्या मदतीचा तपशील, रक्कम, मुदत आणि पुढे काय झाले यांसह, त्याच रकान्यांत भरून या महिनाअखेरीस आपल्या कार्यालयात आणून देत आहोत.

कळावे,
आपली नम्र,
विज्ञान शाखेची एक माजी विद्यार्थिनी
दांडिया बाजार, बडोदे